आलिशान गाड्यांची तुलना, मागच्या सीटवर बसून

मागचीसीट

घरासाठी मोठी गाडी घ्यायचं ठरून तीन महिने झाले. निवडीचं काम दादाने माझ्यावर टाकलंय. चालवणार आम्ही दोघं भाऊ, पण गाडी खरी आई-बाबांसाठी. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि बाबांची मान अधूनमधून धरते. म्हणून मागची सीट हाच माझ्या शोधाचा मुख्य विषय आहे.

वाचायला सामग्री भरपूर मिळाली, पण जवळपास प्रत्येक तुलना 'शून्य ते शंभर'पासूनच सुरू होते. बीएमडब्ल्यू आय-७ एक्सड्राइव्ह ६० ला ४.७ सेकंद लागतात, तिच्याच एम ७० ला ३.७, रोल्स-रॉइस स्पेक्टरला ४.५. मी साधा हिशोब करून पाहिला. ४.७ सेकंदांत ताशी १०० म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सहा दशांश इतका रेटा. माणसाचं डोकं पाचेक किलोचं धरलं, तर बाबांच्या मानेवर तीन किलोचा धक्का. त्यांना घेऊन मी हा आकडा एकदाही वापरणार नाही. शिवाय हे आकडे सगळे एकाच मापाने मोजलेले नसतात. टेस्ला मॉडेल एस प्लेडचे गाजलेले १.९९ सेकंद ताशी ६० मैलांचे, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचे आहेत, आणि त्यात पहिला एक फूट धरलेला नाही. गाडी जागेवरून हलून फूटभर पुढे गेल्यावर घड्याळ सुरू होतं. अमेरिकेत ही पद्धत जुनीच आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. फक्त तो आकडा युरोपातल्या शून्य ते शंभरच्या शेजारी ठेवता येत नाही.

मग मी माझी वेगळी चाचणी ठरवली. आई प्रवासात विणकाम करते, गेली कित्येक वर्षं. तिला विणकामाची पिशवी घेऊन मागे बसवलं, बाबांच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि उखडलेल्या रस्त्याचा एकच तुकडा वेगवेगळ्या गाड्यांतून ताशी तीस-चाळीसने पार केला. टाके किती सुटले ते आईने सांगायचं, ओळ कुठे हरवली ते बाबांनी.

जी गाडी कागदावर सगळ्यात महाग आणि सगळ्यात वेगवान होती, तिच्यात आईचे चार टाके सुटले. मोठ्या खड्ड्यात गाडी छान तरंगून गेली, तिथे काहीच झालं नाही. टाके सुटले ते बारीक खडबडीत पट्ट्यावर, जिथे समोर बसलेल्या मला काही जाणवलंच नव्हतं. मागे मात्र सीटच्या तळातून एक अखंड थरथर येत होती. बाबांनी दोन मिनिटांत पेपर घडी करून ठेवला.

हे असं का होतं, आणि कागदावरच्या कुठल्या गोष्टींवरून ते आधीच ओळखता येईल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचंय.

स्टेपनी

पहिला प्रश्न, त्या गाडीची चाकं किती इंची होती?

मागचीसीट

@स्टेपनी, एकवीस. दिसायला फार देखणी.

स्टेपनी

वाटलंच. टायरवर २५५/५० लिहिलेलं असतं, तेव्हा दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची सांगतो. २५५ मिलिमीटर रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे साधारण १२७ मिलिमीटर. २५५/३५ असेल तर ती ८९ वर येते. चाकाचा धातूचा भाग मोठा झाला तरी टायरची बाहेरची गोलाई जवळपास तेवढीच ठेवावी लागते, म्हणून जे कमी होतं ते रबर आणि त्यातली हवा. मोठे धक्के सस्पेन्शन झेलतं. खडीची, सांध्यांची, खरवडलेल्या डांबराची बारीक थरथर इतकी झटपट असते की ती मुख्यतः टायरनेच गिळायची असते. आईंचे टाके त्या चार बोटं रबरात सुटले.

मोठं चाक बहुधा जडही असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक खड्ड्यातून लवकर सावरत नाही. याच गाड्यांत कंपनी लहान चाकांचाही पर्याय देते, पण दाखवायला ठेवलेली गाडी नेहमी मोठ्या चाकांची. मागितल्यावर मिळत असेल तर तीच गाडी लहान चाकांवर चालवून बघा. माझ्या मते सगळ्या तुलनेत हा एक मुद्दा इंजिनापेक्षा मोठा आहे.

आवाजाचंही तसंच. २०१७ च्या रोल्स-रॉइस फँटमच्या टायरमध्ये आतून फोमचा थर आहे. टायरच्या पोकळीत हवा घुमते, तो घुमारा मारण्यासाठी. गाडीत १३० किलोच्या आसपास आवाजरोधक सामान भरून झाल्यावर त्या लोकांना शेवटी टायरच्या पोटात शिरावं लागलं, यावरून समजून घ्या आवाज कुठून येतो.

व्होल्टमीटर

स्टेपनींशी सहमत. सस्पेन्शनबद्दल थोडं जोडतो, कारण आलिशान गाड्यांमधली खरी चुरस सध्या तिथे आहे.

माणसाचं धड उभ्या हादऱ्यांना साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा या पट्ट्यात सगळ्यात जास्त हैराण होतं. पोट, पाठीचा कणा, खांदे सगळे तिथे हलायला लागतात. गाडीची बॉडी मऊ स्प्रिंगवर सेकंदाला एकदाच्या आसपास डोलत असेल, तर चालण्याच्या लयीजवळची ती हालचाल शरीर सहज सोसतं. एअर सस्पेन्शनचा फायदा हाच की स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि माणसं, सामान वाढलं की आत हवा भरून उंची पुन्हा तीच राखता येते. कल्पना नवी नाही. सिट्रोएन डीएसने १९५५ मध्येच तेल आणि वायूच्या गोळ्यांवर गाडी तरंगवली होती.

पण मऊ स्प्रिंग म्हटली की वळणावर गाडी कलते आणि ब्रेक मारला की नाक खाली घालते. यावरचा नवा उपाय म्हणजे प्रत्येक चाकाशी स्वतंत्र बळ लावणारी यंत्रणा. मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये कॅमेऱ्याने पुढचा रस्ता वाचून चाकांना आधीच तयार ठेवायला सुरुवात केली. २०२० च्या एस-क्लासमध्ये ४८ व्होल्टवर चालणारी ई-ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल आली. ऑडी ए-८ मध्ये प्रत्येक चाकाच्या सस्पेन्शनला विजेची मोटर आहे. दरवाजाचं हँडल ओढलं की गाडी सुमारे ५० मिलिमीटर वर उचलली जाते, चढायला सोपं जावं म्हणून. तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोर्शेने २०२३ च्या शेवटी आलेल्या पॅनामेरात हेच ४०० व्होल्टवर नेलं. ती गाडी ब्रेक मारताना सपाट राहते, आणि वळणावर सायकलस्वारासारखी आतल्या बाजूला झुकूही शकते.

यातली एक मोठी बाब सुरक्षेची. मर्सिडीजच्या त्या यंत्रणेला बाजूने धडक बसणार असं कळलं, तर ती क्षणार्धात बॉडी ८० मिलिमीटरपर्यंत उचलते. मार दरवाजावर न बसता खालच्या मजबूत चौकटीवर बसावा, हा हेतू. आरामासाठी आणलेली यंत्रणा जीव वाचवायला कामी येते, याचं मला खरोखर कौतुक आहे.

तुलना करताना एवढं मात्र बघा: ही यंत्रणा बहुतेक वेळा जादा पर्याय असते. माहितीपत्रकातली गाडी आणि तुमच्या दारात येणारी गाडी यांत नेमका हाच फरक पडू शकतो.

निवांत

चर्चा छान चाललीय, पण ताकदीला इतकं बाजूला सारू नका. थोडं वेगळं मत मांडतो.

आलिशान गाडीत मोठं इंजिन पळण्यासाठी कमी आणि न ओरडण्यासाठी जास्त असतं. रोल्स-रॉइस घोस्टचं ६.७५ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आपला पूर्ण जोर, ८५० न्यूटन-मीटर, मिनिटाला फक्त १६०० फेऱ्यांवर देतं. म्हणजे घाट चढताना, ओव्हरटेक करताना त्याला आवाज चढवावाच लागत नाही. लहान इंजिनाला तेच काम करायला चार हजारांवर जावं लागतं, गिअर खाली टाकावा लागतो, आणि तो हिसका मागे बसलेल्या माणसाला कळतो. २०२४ च्या बेंटली फ्लाइंग स्परमध्ये व्ही-८ ला विजेची मोटर जोडून ७८२ अश्वशक्ती आणि १००० न्यूटन-मीटर केलंय. एवढी शक्ती कुणाला लागते हा प्रश्न रास्त आहे. पण रोजच्या वापरात त्यातली दशांशच वापरली जाते आणि त्या दशांशात यंत्राला कसलेच कष्ट पडत नाहीत. आरामाचा तोही एक भाग आहे.

म्हणून शून्य ते शंभर सोडा आणि ८० ते १२० बघा. कुठल्या गाडीला मागच्याला न कळता ट्रक मागे टाकता येतो, ते तिथे समजतं.

मागचीसीट

@निवांत, हे पटलं. ताकदीकडे मी फक्त वेगाच्या बाजूने बघत होतो. पुढच्या चाचणीत ८० ते १२० धरतो. पण मग विजेच्या गाड्या इथे आपोआप पुढे जायला हव्यात ना? गिअर नाही, हिसका नाही, आवाज नाही.

हळूब्रेक

नेहमी नुसता वाचत असतो, आज लिहितो. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड आणि गेली काही वर्षं विजेच्यासुद्धा.

मागच्या माणसाला पिकअप आठवत नाही, त्याला ब्रेक आठवतो. त्यातही शेवटचं हातभर अंतर. गाडी थांबते त्या क्षणी ब्रेक आहे तसाच दाबून धरला, की गाडी पुढे वाकलेली असते ती झटकन मागे येते आणि मागच्याची मान हलते. म्हणून थांबायच्या आधी, चाक फिरायचं थांबतंय असं वाटलं की पाय अगदी थोडा सैल करायचा. गाडी आपणच विसावते. मग परत दाबून धरायचं. माझ्या उस्तादांनी हे मला तीन महिने शिकवलं. साहेब मागे झोपलेले असले आणि सिग्नलला जागे झाले नाहीत, तर आपलं काम बरोबर.

आता विजेची गाडी. तिच्यात पाय उचलला की मोटर स्वतःच गाडी रोखते आणि बॅटरी भरते. नवा माणूस पाय झटकन उचलतो, झटकन देतो. मागे बसलेला सारखा पुढे-मागे. ही हालचाल मंद असते, पाचेक सेकंदांत एकदा, आणि मळमळ नेमकी अशाच संथ झुल्याने होते. मी पाहिलंय, आयुष्यात कधी गाडी न लागलेली माणसं विजेच्या गाडीत मागे बसून पांढरी पडतात. दोष गाडीचा नसतो. रोखण्याची ताकद सेटिंगमधून सगळ्यात कमी करा. पाय उचलायचाच, तर टप्प्याटप्प्याने.

दुसरं बघायचं ते ब्रेकचं पेडल. जास्त वेगाला मोटर रोखत असते, अगदी कमी वेगाला ते काम डिस्क ब्रेककडे येतं. चांगल्या गाडीत ही अदलाबदल पायाला कळत नाही. एका गाडीत, नाव घेत नाही, ताशी दहाच्या आसपास पेडल जरा पोकळ लागायचं आणि मग एकदम पकडायचं. तिच्यावर चार महिने काढले. माझा शेवटचा हातभर कधी साधला नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हा चाचणीला जाल तेव्हा पळवू नका. पन्नास वेळा थांबवा.

स्टेपनी

@हळूब्रेक, प्रतिसाद जपून ठेवलाय. असंच लिहीत राहा.

निवांत

+१. पाय सैल करायचं वाचून लगेच खाली जाऊन दोन चकरा मारून आलो. फरक आहे.

काचेपलीकडे

पडद्यांविषयी कुणीच बोललं नाही, आणि मला त्याच्यावर मनापासून बोलायचंय.

मर्सिडीजच्या विजेवरच्या ईक्यूएस गाडीतल्या हायपरस्क्रीनची काच १४१ सेंटिमीटर रुंद आहे, डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आय-७ मध्ये मागच्या सीटसाठी छतातून ३१.३ इंची पडदा उतरतो. दोन्ही गोष्टी कारागिरी म्हणून अफाट आहेत. माझी तक्रार बटणं गेल्याची आहे. मागच्या पावसाळ्यात एका नव्या, चांगल्या नावाच्या गाडीत समोरची काच आतून धुरकटली. तिच्यावर हवा सोडायचं बटण पडद्यात दोन पानं आत होतं. रात्र, पाऊस, समोरून ट्रकचे दिवे, आणि मी रस्त्यावरची नजर काढून चित्रं शोधतोय. शेजारी बायको होती, तिने शोधलं. एकटा असतो तर गाडी कडेला घ्यावी लागली असती. जुन्या गाडीत हात न बघता तिथे जायचा.

गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून नियम बदललेत. पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांच्यासाठी हाताला लागणारं खरं नियंत्रण असायला हवं. काच साफ करणारी हवा त्या यादीत असती तर मला आणखी आनंद झाला असता.

तुलनेसाठी माझी पद्धत अशी: गाडी उभी असताना डोळे मिटून एसी कमी करा, आवाज बंद करा, काच साफ करा. जमलं तर पुढे बोलू.

व्होल्टमीटर

स्वतः चालणाऱ्या गाड्यांचं थोडक्यात, कारण माहितीपत्रकात त्याचा गाजावाजा असतो. २०१७ च्या ऑडी ए-८ ने वाहतूक कोंडीत चालकाला मोकळं करायचं वचन दिलं होतं, पण ती सोय ग्राहकांपर्यंत पोचलीच नाही. मर्सिडीजला जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये ताशी ६० पर्यंत मान्यता मिळाली, पुढे ती ९५ पर्यंत वाढली. बीएमडब्ल्यूने ७ सीरिजमध्ये मार्च २०२४ पासून ताशी ६० पर्यंतची सोय आणली. हे सगळं ठरावीक महामार्गांवर, ठरावीक परिस्थितीत. मागच्या सीटसाठी निवड करताना मी याला शून्य गुण देईन.

त्यापेक्षा मागच्या एअरबॅग बघा. २०२० च्या एस-क्लासमध्ये मागच्या कडेच्या प्रवाशांसाठी समोरून उघडणारी एअरबॅग मिळते. आणि सीट आडवी करून झोपणाऱ्यांनी लक्षात घ्या, पाठ फार मागे गेली की धडकेत शरीर पट्ट्याखालून सरकू शकतं. गाडी चालू असताना आई-बाबांना पूर्ण आडवं होऊ देऊ नका.

निवांत

रेंजवर दोन ओळी. आय-७ एक्सड्राइव्ह ६० ची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीनुसार ६२५ किलोमीटरपर्यंत सांगतात. त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी साडेसेहेचाळीसच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० ऐवजी १२० ने गेलात तर पावणेदोनपटीहून जास्त. महामार्गाचा हिशोब वेगळा धरा.

हवा कापण्यासाठी ईक्यूएसचा रोधांक (जितका कमी तितका हवेचा अडथळा कमी) ०.२० वर आणला, ल्युसिड एअर या विजेच्या गाडीचा ०.१९७ वर. पण असा आकार म्हणजे छत मागे उतरत जातं आणि ते उतरतं मागच्या माणसाच्या डोक्यावर. खालून बॅटरीमुळे तळ वर येतो. मग गुडघे उंच राहतात आणि मांड्या सीटला टेकत नाहीत. पोर्शेने टायकानच्या बॅटरीत मागच्या पावलांसाठी खळगे सोडलेत, ते याचसाठी. पायांपुढे जागा किती आहे हे सगळेच मोजतात. मांडीखाली हात घालून बघा, सरकन आत गेला तर लांबच्या प्रवासात कंबर बोलणार.

मागचीसीट

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा गेलो होतो, दादालाही घेऊन. तुमच्या सूचना कागदावर लिहून नेल्या होत्या.

एका विजेच्या गाडीत आईच्या मांडीखाली माझा हात मनगटापर्यंत गेला. ती काही बोलली नाही, पण उतरताना दरवाजाच्या चौकटीला धरून दोनदा प्रयत्न करावा लागला. ती गाडी बाद. बाबांना तिची शांतता फार आवडली होती, म्हणून वाईट वाटलं. शांततेबद्दल ते एक बोलले: अगदीच आवाज नसला तर कानाला दडे बसल्यासारखं होतं. मी सांगितलं की घोस्ट बनवणाऱ्यांनाही हेच जाणवलं होतं आणि त्यांनी हलकीशी कुजबुज मुद्दाम ठेवली. त्यावर ते बराच वेळ खूश होते.

मग पहिल्या वेळेची तीच गाडी मागून घेतली, पण सगळ्यात लहान चाकांची. रस्त्याचा तोच तुकडा, तोच वेग. दादा चालवत होता आणि मी आईशेजारी मागे. खडबडीत पट्टा आला तेव्हा सीटखालून आवाज आला, पण थरथर वर पोचली नाही. सुया चालू राहिल्या. आधी चार टाके सुटले होते, या वेळी एक, तोही गतिरोधकावर. बाबांनी अग्रलेख पूर्ण वाचला आणि दादाला ऐकवला. थांबायच्या वेळी दादाने पाय सैल करायचा प्रयत्न केला. पहिल्या दहा वेळा गाडी पुढे घरंगळली, नंतर जमायला लागलं.

डोळे मिटून बटणांची परीक्षा मात्र ही गाडी अर्धीच पास झाली. एसीला बटण नाही. काचेसाठी आहे, आणि ते हाताला लगेच सापडतं. तेवढ्यावर आम्ही हो म्हटलं. सस्पेन्शनचा जादा पर्याय घेतोय, मागचा पडदा घेत नाही.

स्टेपनी

अभिनंदन! चाकं लहान घेतलीत याचा फार आनंद झाला.

हळूब्रेक

अभिनंदन साहेब. दादांना म्हणावं, रिकामी गाडी घेऊन रोज अर्धा तास सराव करा, महिन्यात हात बसेल.

आणि एक. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी टायर थंड असताना हवा तपासा. कारखान्यातून येताना गाडी बरेच दिवस एका जागी उभी असते, टायर चपटा पडू नये म्हणून त्यात जादा हवा भरलेली असते. देताना ती कमी करायची असते, पण कधीकधी राहून जाते. दरवाजाच्या चौकटीवर आकडे लिहिलेले असतात, त्यातला आरामाचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच ठेवा. नाहीतर महिनाभर आईंचे टाके सुटत राहतील आणि तुम्ही सस्पेन्शनला दोष देत बसाल.